उभयचरांच्या चालीवरून घडवलेले यंत्रमानव आणि आपले गोदाकाठचे प्रकल्प

धागाकर्ता : गोदातीर

नाशिकमधल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांमध्ये पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारे यंत्र हा विषय आता वरचेवर दिसू लागला आहे. गोदावरी शहराच्या मधून वाहते, गंगापूर धरण जवळ आहे, आणि दर पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले यावरून पुराचा अंदाज घेतला जातो. अशा गावात मुलांना हा विषय सुचावा यात नवल नाही. मात्र माझ्या पाहण्यात येणाऱ्या बहुतेक आराखड्यांत चाकांच्या गाडीला दोन्ही बाजूंनी हवाबंद डबे आणि मागे पंखा जोडलेला असतो, आणि त्याला ‘उभयचर यंत्रमानव’ असे नाव दिलेले असते. ती गाडी चालते आणि तरंगते, यात शंका नाही. पण जमिनीसाठी एक यंत्रणा आणि पाण्यासाठी दुसरी, अशी ती दोन यंत्रे एका सांगाड्यावर बसवलेली असतात. खरा उभयचर प्राणी तेच शरीर, तेच स्नायू आणि तोच मज्जारज्जू वापरून दोन्ही कामे करतो. हे तो कसे साधतो, या प्रश्नावर गेल्या वीसएक वर्षांत जे काम झाले आहे ते मराठीत एका ठिकाणी मांडावे, म्हणून हा धागा काढत आहे.

या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे काम स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात, ऑके आयस्पीर्ट यांच्या प्रयोगशाळेत झाले. २००७ च्या मार्च महिन्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलॅमँडरवरून (पालीसारखा दिसणारा, शेपटी असलेला उभयचर) घडवलेल्या ‘सॅलॅमँड्रा रोबोटिका’ या यंत्रमानवाचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे ८५ सेंटिमीटर लांबीच्या त्या यंत्रात फक्त १० मोटारी होत्या : सहा पाठीच्या कण्याच्या सांध्यांना आणि चार पायांना. पायांची रचना तर इतकी साधी होती की प्रत्येक पाय एका आसाभोवती नुसता गोल फिरत असे. गुडघा नाही, घोटा नाही. तरीही ते यंत्र काठावरून चालत जिनिव्हा सरोवरात उतरत असे आणि पाण्यात शिरल्यावर पाय मागे वळवून पोहू लागत असे.

यातले मर्म मोटारींत नाही, त्यांना हुकूम देणाऱ्या मंडलांत आहे, आणि ती कल्पना थेट प्राण्याच्या मज्जारज्जूवरून घेतलेली आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत चालण्याची किंवा पोहण्याची लय मेंदू क्षणाक्षणाला ठरवत नाही. मज्जारज्जूतच चेतापेशींचे असे गट असतात की जे एकदा चालू झाले की आपापली लय स्वतःच निर्माण करतात. सोयीसाठी आपण त्यांना दोलक म्हणू. शेजारशेजारचे दोलक एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे त्यांची लय जुळते, जशी दिंडीत शेकडो जणांची पावले कोणीही मोजून न देता टाळाच्या ठेक्यावर पडू लागतात. मेंदूकडून खाली येतो तो केवळ ‘किती जोराने’ एवढाच संकेत.

सॅलॅमँडरच्या बाबतीत हा संकेत किती साधा असतो हे फ्रान्समधील संशोधक कॅबेल्गुएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले होते. मध्यमेंदूतल्या एका विशिष्ट भागाला विजेची सौम्य उत्तेजना दिली की तो प्राणी चालू लागतो. प्रवाह वाढवला की चाल वाढते. आणि एका मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की पाय अंगाशी मागे वळतात आणि तो पोहू लागतो. चालण्यासाठी एक आणि पोहण्यासाठी दुसरी अशी वेगळी आज्ञा लागत नाही. आयस्पीर्ट यांच्या नमुन्यात याचे स्पष्टीकरण असे आहे की पायांचे दोलक संथ असतात आणि त्यांचा धडाच्या दोलकांवर पगडा असतो. संकेत सौम्य असतो तोवर पाय धडाला आपल्या संथ लयीत बांधून ठेवतात. संकेत वाढत गेला की पायांचे दोलक त्यांची मर्यादा ओलांडून थांबतात, त्यांची पकड सुटते, आणि धडाचे दोलक स्वतःच्या वेगवान लयीत जातात. सॅलॅमँडरची पोहण्याची लय त्याच्या चालण्याच्या लयीपेक्षा जलद का असते, याचेही उत्तर यातच मिळते.

दोन्ही चालींत धडाची हालचालही वेगळी असते. चालताना धडात स्थिर तरंग असतो : पुढच्या आणि मागच्या पायांमधले सगळे सांधे एकाच वेळी एका बाजूला वाकतात आणि कमरेमागचे सांधे त्याच वेळी विरुद्ध बाजूला. धड डावीकडे अंतर्वक्र झाले की उजवा खांदा आणि डावी कंबर पुढे सरकते, त्यामुळे उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय आपोआप लांब पडतो. आखूड पायांचा प्राणी आपल्या पाठीच्या कण्याने पाऊल लांबवतो, असे म्हटले तरी चालेल. पोहताना मात्र डोक्याकडून शेपटीकडे धावणारा प्रगामी तरंग तयार होतो आणि तो पाण्याला मागे ढकलतो.

२०१६ मध्ये याच प्रयोगशाळेने ‘प्लुरोबॉट’ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी जिवंत सॅलॅमँडरचे जमिनीवर चालताना, पाण्याखाली चालताना आणि पोहताना क्ष-किरण चित्रण केले आणि सांगाड्यावरच्या ६४ पर्यंत बिंदूंचा माग घेतला. त्यानंतर त्यांनी घेतलेला निर्णय मला फार शिकवून जातो. प्राण्याला ४० मणके असताना यंत्राच्या कण्यात त्यांनी ११ खंडच ठेवले आणि संपूर्ण यंत्रात २७ मोटारी बसवल्या. कुठे वाकणे आवश्यक आहे आणि कुठे वगळता येते, हे मोजून ठरवल्यावरच त्यांनी भाग कमी केले. आपल्याकडे बरेचदा याच्या उलट होते; बाजारात किती सर्वो (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटारी) परवडतात यावरून सांधे ठरतात आणि मग त्या सांध्यांना साजेसा प्राणी शोधला जातो.

आता आपल्या आवाक्यातले काय, ते सांगतो. सहा ते आठ सर्वो, १६ चॅनलचा एक सर्वो ड्रायव्हर आणि कोणताही साधा मायक्रोकंट्रोलर एवढ्या सामग्रीवर दोलकांची साखळी चालवता येते. एका ठिकाणी मात्र बहुतेक मुले अडकतात. प्रत्येक सर्वोचा कोन काढताना वारंवारता गुणिले आरंभापासूनचा एकूण वेळ, आणि त्याची ज्या (साइन), असे सूत्र लिहिले जाते. वारंवारता कायम असेपर्यंत ते चालते. पण चालीतून पोहण्यात जाताना वारंवारता बदलली की एकूण वेळेला नव्या वारंवारतेने गुणले जाते, फेज (म्हणजे दोलक आपल्या लयीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) एकदम उडी घेते, आणि सगळे सर्वो एका क्षणात हिसका देऊन भलत्याच कोनात जातात. उपाय सोपा आहे. प्रत्येक दोलकाची फेज वेगळ्या चलात साठवायची आणि प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत तिच्यात वारंवारता गुणिले त्या फेरीचा अल्प वेळ एवढीच भर घालायची. त्याच जागी शेजाऱ्याशी जोडणारे पद येते : शेजाऱ्याची फेज वजा आपली फेज वजा ठरवलेले अंतर, या सगळ्याची ज्या, गुणिले जोडणीचे बळ. सहा सांध्यांत एक पूर्ण तरंग बसवायचा असेल तर हे अंतर ६० अंशांचे ठेवावे. एवढे केले की वारंवारता कधीही बदला, फेज तुटत नाही आणि सर्वो हिसका देत नाहीत.

जाणकारांनी भर घालावी. कोणी प्रत्यक्ष काम करत असेल तर त्यांनी अडचणी अवश्य लिहाव्यात.


प्रतिसाद : सातपूर_फिटर

लेख आवडला. मी कारखान्यात देखभाल विभागात काम करतो, त्यामुळे माझे लक्ष पहिल्यांदा पाण्याकडे गेले. बाजारात मिळणाऱ्या साध्या सर्वोच्या खोक्यात पाणी सहज शिरते. आउटपुट शाफ्टभोवती ओ-रिंग बसवून आणि खोके सिलिकॉनने बंद करून उथळ पाण्यात काही काळ निभावते, पण शाफ्ट फिरत राहिला की ओ-रिंग झिजते आणि गाळाच्या पाण्यात तर फारच लवकर. गोदावरीच्या पाण्यात बारीक वाळू असते हे विसरून चालणार नाही. प्रत्येक सांधा वेगळा बंद करण्यापेक्षा संपूर्ण यंत्रावर एकच लवचीक आवरण चढवावे, असे माझे मत आहे. लोझानच्या मंडळींनी हा प्रश्न कसा सोडवला?

दुसरे असे की सर्वोचा प्रवाह. मोठा सर्वो जागच्या जागी अडकला तर दोन-अडीच अँपिअर ओढतो. सहा सर्वो एकाच वेळी गाळात अडकले तर कंट्रोलरला वीज पुरवणाऱ्या त्याच रेषेवर विजेचा दाब (व्होल्टेज) एकदम खाली येतो आणि कंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सर्वोंना वेगळा पुरवठा आणि दोन्हींची ग्राउंड मात्र एकत्र, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगावे.


प्रतिसाद : गोदातीर

सातपूर_फिटर, तुमचे दोन्ही मुद्दे मोलाचे आहेत. प्लुरोबॉटला पाण्यात उतरवताना त्यांनी तुम्ही म्हणता तसेच केले : संपूर्ण अंगावर जलरोधक पोशाख चढवला. त्याआधीच्या सॅलॅमँड्रा रोबोटिकात मात्र प्रत्येक खंड स्वतंत्रपणे बंद होता. आवरण चढवताना एक काळजी घ्यावी लागते. आवरणात अडकलेली हवा यंत्राला वर उचलते आणि ती एका टोकाला जमली तर शेपटी पाण्याबाहेर येते. मग प्रगामी तरंग हवेतच हलत राहतो आणि यंत्र पुढे जात नाही. म्हणून आवरण अंगाला घट्ट हवे आणि वजन पोटाच्या बाजूला, लांबीभर विभागलेले हवे.


प्रतिसाद : रानवाट

मी पक्षी आणि बेडूक पाहत हिंडणारा माणूस आहे, यंत्रांचे मला फारसे कळत नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, सॅलॅमँडर आपल्याकडे नाही. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतो. मग नाशिकच्या मुलांनी कोणता प्राणी पाहावा? दुसरी, गंगापूरच्या फुगवट्याच्या कडेने चालताना एक लहान बेडूक पाण्यावरून टपटप उड्या मारत पळताना दिसतो. तो बुडत नाही आणि पोहतानाही दिसत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावरूनच धावल्यासारखा जातो. त्याची चाल यंत्रात आणता येईल का?


प्रतिसाद : गोदातीर

रानवाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर अलीकडेच चांगले काम झाले आहे. पाण्यावरून अशा उड्या मारणारे बेडूक आपल्याकडे आहेत तसे अमेरिकेतही आहेत. तिथल्या क्रिकेट फ्रॉग या चिमुकल्या बेडकाचे व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने, पाण्याच्या वरून आणि खालून चित्रण केले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळ्यांना तो पाण्यावर चालल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात दर उडीला त्याचे संपूर्ण शरीर पाण्याखाली जाते. तिथून तो मागचे पाय झटकून पुन्हा हवेत झेपावतो. डॉल्फिन जसे पाण्यातून वर येत आणि पुन्हा आत शिरत पुढे जातात, त्याच जातीची ही हालचाल आहे. आपल्याकडच्या बेडकांच्या बाबतीतही तसेच घडते की नाही, हे त्यांचे स्वतंत्र चित्रण करूनच सांगता येईल, आणि नाशिकच्या मुलांनी करण्याजोगे हे खरोखर चांगले काम आहे. जे यंत्र पृष्ठभागावर आपटून उडणार त्याची रचना वेगळी आणि जे पाण्याखाली जाऊन उसळणार त्याची रचना वेगळी, म्हणून आधी प्राणी नीट पाहणे अपरिहार्य आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल : सॅलॅमँडरच्या चालीची मोजमापे प्रसिद्ध झालेली आहेत, त्यामुळे तो प्राणी समोर नसला तरी अडत नाही. पण पाहण्याची सवय लागावी म्हणून पावसाळ्यात आपल्या परिसरातले बेडूक मुलांनी अवश्य पाहावेत. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करता येते. कॅमेरा बेडकाच्या बाजूने, जमिनीलगत आणि काटकोनात ठेवावा, चौकटीत एक मोजपट्टी दिसेल असे पाहावे, आणि ‘ट्रॅकर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नितंब, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू चौकटीगणिक खूण करत जावेत. प्राण्याला हात लावू नये. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, आणि आपल्या हातावरचा घाम व मलमे त्याला बाधतात. वन्यजीव संरक्षण कायदाही आहेच.


प्रतिसाद : तृतीय_वर्ष_मेकॅनिकल

सर, आमच्या गटाचा प्रकल्प ठरलेला आहे : बेडकासारखी उडी मारणारे यंत्र. मार्गदर्शकांची मान्यताही मिळाली आहे. तुमच्या लेखात बेडकाचा उल्लेखच नाही, यावरून तुम्हाला हा विषय पसंत नसावा असे वाटले. आम्ही गुडघ्याच्या सांध्याला सरळ सर्वो जोडले आहेत, पण यंत्र जमिनीवरून जेमतेम उचलले जाते. जास्त ताकदीचे सर्वो घ्यावेत का?


प्रतिसाद : गोदातीर

विषय मला अजिबात नापसंत नाही. तो सॅलॅमँडरपेक्षा अवघड आहे एवढेच. जास्त ताकदीचा सर्वो घेतल्याने तुमची अडचण सुटेल असे मला वाटत नाही, कारण स्वतः बेडूकसुद्धा केवळ स्नायूंच्या ताकदीने उडत नाही.

उडी मारताना पाय जमिनीला टेकलेले असतात तो काळ फार थोडा असतो, आणि तेवढ्यात स्नायू जितकी शक्ती देऊ शकतो त्यापेक्षा जास्त शक्ती उडीत दिसते. ही तफावत कशी भरून निघते हे हेन्री अ‍ॅस्टली आणि थॉमस रॉबर्ट्स यांनी २०१२ मध्ये दाखवले. त्यांनी बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि घोट्याचा सांधा यांच्या हालचाली क्ष-किरण चित्रणाने एकाच वेळी टिपल्या. घोटा हलू लागण्याच्या आधीच स्नायू बराचसा आखडलेला होता. म्हणजे स्नायूने आपले काम पुरेसा वेळ घेऊन आधीच उरकले, ती ऊर्जा कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) ताणाच्या रूपात साठली, आणि मग कंडरा सुटली तेव्हा ती अल्पावधीत बाहेर पडली. याला गलोलीच्या किंवा धनुष्याच्या वर्गातली यंत्रणा म्हणता येईल, आणि नेमकी हीच तुमच्या यंत्रात नाही.

म्हणून मोटार आणि पाय यांच्या मध्ये स्प्रिंग आणा. लहान मोटार गिअरमधून स्प्रिंगला सावकाश ताण देईल, एक खिट्टी तिला धरून ठेवेल, आणि खिट्टी सुटली की पाय उलगडतील. तुमच्या सध्याच्या मोटारीही यासाठी पुरतील. खिट्टी कोणत्या क्षणी आणि किती घर्षणाने सुटते यावर उडीचा बराच भाग अवलंबून असतो, म्हणून तिचा पृष्ठभाग गुळगुळीत घ्या आणि तिच्यावर ताण असताना ती सुटते का, हे हाताने नीट तपासा. डोळ्यांवर चष्मा लावूनच हे करा; ताणलेली स्प्रिंग सुटली तर इजा होते.

बहुतेक गट उडीपाशीच थांबतात. उतरण्याचा विचार कोणी करत नाही, आणि खरी परीक्षा तिथे आहे. केन टोड या मोठ्या भेकावरच्या २०१० च्या एका अभ्यासात असे दिसले की तो जमिनीला टेकण्याआधीच पुढच्या पायांचे स्नायू ताणून तयारीत ठेवतो, आणि उडी जितकी लांब तितकी ही तयारी त्या हिशेबाने होते. म्हणजे आपण कधी आपटणार याचा अंदाज त्याला असतो. तुमच्या यंत्राने तिसऱ्या-चौथ्या उडीनंतर मोडून पडू नये असे वाटत असेल, तर पुढच्या पायांना रबराचे धक्काशोषक आणि हवेत असताना अंगाचा कल ओळखणारा सेन्सर या दोन गोष्टी आराखड्यात आत्ताच घाला.


प्रतिसाद : पंचवटीकर

चर्चा अतिशय उपयुक्त आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या दृष्टीने विचारतो. गोदेला पूर आला की काठावरच्या लोकांना आणि घाटावरच्या दुकानदारांना जो त्रास होतो तो आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. पुराच्या पाण्यात अडकलेल्या माणसाचा शोध घ्यायला किंवा त्याच्यापर्यंत दोर पोहोचवायला असा सॅलॅमँडर यंत्रमानव वापरता येणार नाही का? मुलांच्या प्रकल्पांना अशी दिशा मिळाली तर शहराचे भले होईल.


प्रतिसाद : गोदातीर

पंचवटीकर, तुमची तळमळ समजते आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो : पुराच्या वाहत्या पाण्यात हे यंत्र कामाचे नाही, आणि तसे आश्वासन कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात लिहिले जाऊ नये. या आकाराचे पोहणारे यंत्र सेकंदाला मीटरभर वेगही गाठत नाही. पुराचा प्रवाह त्याहून कितीतरी जोराचा असतो. त्यात ओंडके, गाळ आणि वायरी असतात. बचावाचे काम प्रशिक्षित जवान, बोटी आणि जीवरक्षक यांचेच आहे आणि राहील.

काठ म्हणजे जिथे पाणी आणि जमीन मिसळलेली असते ती जागा, आणि उभयचर चालीचा खरा उपयोग तिथे आहे. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर बसलेला गाळ, पावसाळी गटारांचे अर्धे भरलेले नळ, नदीला मिळणाऱ्या नाल्यांची मुखे. या ठिकाणी बोट जाऊ शकत नाही, चाक रुतते, आणि माणसाला आत पाठवणे धोक्याचे असते. पुढून-मागून वाकणारे, लांबट, बसक्या अंगाचे यंत्र तिथे कॅमेरा नेऊ शकेल.

चिखलाच्या उतारासंबंधी एक उपयुक्त प्रयोग सांगतो. २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्येच जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी चिखल्या मासा आणि त्यावरून केलेले एक लहान यंत्र यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, पाण्यातून पहिल्यांदा जमिनीवर आलेले प्राणी कसे सरकले असतील हा त्यांचा प्रश्न होता. सपाट वाळूवर शेपटीने फारसा फरक पडत नव्हता, पण उतार वाढला की पायांच्या जोडीने शेपटीचा रेटा दिल्यावरच यंत्र नीट वर चढत होते. शेपटी केवळ पोहण्यापुरती आहे असे समजून चालताना ती सैल सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ओल्या काठावरून वर येताना तीच यंत्राला सावरते.

पाण्याच्या तपासणीचेही काम आहे. लोझानच्याच मंडळींनी ईल माशासारखा ‘एनव्हायरोबॉट’ घडवला आणि २०१७ मध्ये जिनिव्हा सरोवरात त्याच्याकडून पाण्याची विद्युत वाहकता मोजून प्रदूषणाचा उगम शोधण्याची चाचणी घेतली. पंखा नसल्यामुळे तळाचा गाळ फारसा ढवळला जात नाही आणि पाणवनस्पती गुंडाळल्या जात नाहीत. पाणवेलींनी भरलेल्या आपल्या नदीपात्राला हा गुण फार मोलाचा आहे. मात्र नांदूरमध्यमेश्वरसारख्या ठिकाणी, जे रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, वनखात्याची परवानगी आणि पक्ष्यांचा हंगाम पाहिल्याशिवाय कोणतेही यंत्र पाण्यात सोडू नये.


प्रतिसाद : त्र्यंबकरोड

अर्ध्या भरलेल्या नळांचा उल्लेख वाचून विचारतो. नळ गाळाने जवळजवळ बुजलेला असेल तर पाय आणि शेपटी हलवायला जागाच उरणार नाही. अशा ठिकाणी चालणारा एखादा उभयचर आहे का?


प्रतिसाद : गोदातीर

आहे, आणि तो आपल्या सह्याद्रीत आहे : देवगांडूळ. बिनपायांचा, गांडुळासारखा दिसणारा, पण पाठीचा कणा असलेला हा उभयचर बहुतेक आयुष्य जमिनीखाली घालवतो, त्यामुळे पुष्कळांनी तो पाहिलेलाही नसतो. आपल्या राज्यातल्या काही जातींचे वर्णन खंडाळा आणि आंबोली या भागांतून झालेले आहे.

त्याच्या चालीवर ओ’रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. त्यांचा प्राणी मेक्सिकोकडचा होता. देवगांडुळाच्या अंगात कणा आणि बाहेरची कातडी एकमेकांपासून बऱ्याच अंशी सुटी असतात. तो कातडी बिळाच्या भिंतीला टेकवून ठेवतो आणि आतला कणा पुढे ढकलतो. शिवाय पोटाच्या भिंतीचे स्नायू आवळून तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवतो. अंगाभोवती तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या कंडरांची जाळी असल्यामुळे तो दाब त्याला जाड न करता डोक्याकडे रेटतो. अशा रीतीने तो त्याच आकाराच्या, बीळ करणाऱ्या सापांच्या जवळजवळ दुप्पट जोराने पुढे ढकलू शकतो.

ही तिरपी जाळी यंत्रात उतरवणे अवघड नाही. रबरी नळीवर वायरींवर चढवतात तसली जाळीदार नळी चढवून दोन्ही टोके आवळली आणि आत हवा भरली, की धाग्यांच्या कोनावर तिचे वागणे ठरते. नळीच्या लांबीशी धाग्यांचा कोन ५४.७ अंशांपेक्षा कमी असेल तर ती आखडते, आणि जास्त असेल तर लांब होते. पुढे रेटणारा खंड लांब होणारा हवा आणि भिंतीला टेकणारा खंड जाड होणारा हवा. हे दोन प्रकार आलटून पालटून जोडले की सरकण्याची चाल तयार होते. मोटारी सगळ्या बाहेर, पंपापाशी राहतात, त्यामुळे सातपूर_फिटर यांनी मांडलेला पाणी शिरण्याचा प्रश्नही मागे पडतो. अडचण आहे ती मागून येणाऱ्या हवेच्या नळ्यांच्या ओढीची. वळणावळणाच्या नळात ती लवकर वाढते.


प्रतिसाद : सातपूर_फिटर

हवेच्या नळ्यांबद्दल सुचवतो : प्रत्येक खंडाला वेगळी नळी न आणता एकच नळी आणावी आणि लहान सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडबंद होणाऱ्या झडपा) खंडांतच बसवावेत. मग मागे दाबाची एक नळी, निकासाची एक नळी आणि एक बारीक केबल एवढेच राहील. व्हॉल्व्हचा निकास बाहेर पाण्यात सोडू नये, झाकलेल्या नळीने मागे आणावा, नाहीतर दाब उतरताना पाणी आत ओढले जाईल. मुलांना व्हॉल्व्ह आणि कनेक्टर निवडायला मदत लागली तर इथेच विचारावे.


प्रतिसाद : अंतिम_वर्ष_ईअँडटीसी

आम्ही सॅलॅमँडरचा कणा सहा सर्वोंवर टेबलावर चालवून पाहिला. फेज वेगळ्या चलात साठवण्याचा उपाय लागू पडला. वारंवारता बदलताना आता हिसका बसत नाही. अडचण अशी आहे की स्थिर तरंगातून प्रगामी तरंगात जाताना सुरुवातीला मधले दोन सांधे उलटसुलट हलतात आणि मग जुळतात. जोडणीचे बळ वाढवले की जुळणी लवकर होते, पण सर्वो थरथरतात. यात मध्यम मार्ग कसा काढावा? आणि पायांचे दोलक थांबवताना पाय कोणत्या स्थितीत थांबावेत?


प्रतिसाद : गोदातीर

जुळणीला थोडा अवधी लागणे साहजिक आहे. खऱ्या प्राण्यातही हा बदल अर्ध्या क्षणात होत नाही. जोडणीचे बळ वाढवू नका. त्याऐवजी दोन गोष्टी करा. पहिली, प्रत्येक दोलकाच्या दोलनाची व्याप्ती थेट नव्या किमतीला न नेता तिच्याकडे हळूहळू सरकू द्या, आणि बदलाच्या काळात ती किंचित कमी करा. मधले सांधे विस्कळीत झाले तरी ते थोडेच वाकतील आणि पाण्यात त्याचा परिणाम जाणवणार नाही. दुसरी, सर्वोची थरथर बहुधा जोडणीमुळे नसून प्रोग्रामची फेरी अनियमित वेळाने होत असल्यामुळे असते. सीरियल पोर्टवर दर फेरीत मजकूर छापत असाल तर ते थांबवा, फेरीचा वेळ टायमरने १० मिलिसेकंदांवर बांधा, आणि मग जोडणीचे बळ पुन्हा तपासा.

पाय मागे, अंगाला समांतर थांबले पाहिजेत. संकेताने मर्यादा ओलांडली की पायाच्या दोलकाची व्याप्ती शून्याकडे न्या आणि त्याच वेळी पायाचा मध्यकोन मागच्या स्थितीकडे सरकवा. पाय मध्येच आडवा राहिला तर पोहताना तो एका बाजूला ओढ देतो आणि यंत्र गोल फिरू लागते. पाण्याची पहिली चाचणी नदीवर नको. घरच्या किंवा कॉलेजच्या टाकीत, बॅटरी पोटाखाली मधोमध बांधून आणि आवरणातली हवा नीट काढून घ्या. यंत्र पाठीवर उलटले तर बॅटरी आणखी खाली न्या किंवा पोटाला थोडे शिसे बांधा. चाचणीचे चित्रण वरून, मोजपट्टीसह करून इथे टाकलेत तर तरंगाची लांबी आणि सांध्यांतले अंतर मोजून देईन.